अँबेसेडरला पाचवा गिअर: ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स निवडण्याआधी काय मोजायचं

जुनी गाडी चालवणाऱ्या इंदूरकराची परीक्षा राऊ सोडल्यावर सुरू होते. एबी रोड, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५२, तिथून मोकळा होतो. मार्क थ्री अँबेसेडरचा काटा ऐंशीकडे सरकला की इंजिन ओरडायला लागतं, आणि मागून स्लीपर बसचा हॉर्न. चौथा गिअर केव्हाच पडलेला असतो. हात तरीही लिव्हरकडे जातो, पण पुढचा गिअर कंपनीने दिलेलाच नाही. मग पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये विचारणा होते, "भिया, फाइव्ह स्पीड बसेल का?"

बसतो. हाताशी चांगला लेथवाला आणि खिशात पैसे असतील तर जवळपास कुठलाही गिअरबॉक्स कुठल्याही इंजिनाला बसतो. कुठला बसवायचा, हे ठरवताना मात्र बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी भंगारातून गिअरबॉक्स उचलतात, मग गाडीकडे बघतात. माझं म्हणणं असं की आधी मागचा एक्सल बघा, मग टायर, मग इंजिनाची ताकद. गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी कागदावर आल्या की चौथीचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तीन शाफ्ट महत्त्वाचे. क्लचकडून आत येतो तो इनपुट शाफ्ट. त्याच्याच रेषेत मागे प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे मागच्या एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याकडे, जाणारा मेन शाफ्ट. आणि दोघांच्या खाली, तेलात बुडालेला ले शाफ्ट. पहिल्या तीन गिअरमध्ये ताकद इनपुटवरून खाली ले शाफ्टवर उतरते आणि दातांच्या वेगळ्या जोडीतून पुन्हा वर मेन शाफ्टवर चढते. या उतर-चढीत फेरे कमी होतात आणि ओढ वाढते. चौथ्या गिअरमध्ये एक स्लीव्ह सरकते आणि इनपुट व मेन शाफ्ट एकमेकांत अडकतात. इंजिनाचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा. मेकॅनिक याला 'डायरेक्ट' म्हणतात. ले शाफ्ट तेव्हाही फिरतो, पण बिनकामाचा.

ओव्हरड्राइव्ह गिअर त्याच्या पलीकडचा. प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा होईपर्यंत इंजिन ०.८२ किंवा ०.६८ फेराच फिरतं. त्यासाठी ताकद पुन्हा खाली ले शाफ्टवर उतरते, म्हणजे डायरेक्टच्या मानाने घर्षणात थोडी वाया जाते. शिवाय फेरे वाढले त्याच प्रमाणात ओढ कमी होते. यातून एक गोष्ट निघते, जी पटायला जड जाते: पाचवा गिअर गाडी जास्त जोरात पळवण्यासाठी नसतो. कमी ताकदीच्या कित्येक गाड्यांचा सर्वाधिक वेग चौथ्यातच मिळतो. पाचवा असतो तो मिळवलेला वेग कमी फेऱ्यांत टिकवण्यासाठी. आवाज कमी, घासणं कमी, इंजिन थंड, पेट्रोलमध्ये थोडी बचत. 'थोडी' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गाडीला वारा कापायला लागणारी ताकद कुठल्याही गिअरमध्ये तीच असते. इंजिनाचं स्वतःचं घर्षण आणि हवा ओढण्याचे कष्ट तेवढे वाचतात. फाइव्ह स्पीड घातल्यावर ॲव्हरेज दीडपट झालं असं कुणी सांगितलं, तर सोबत कार्ब्युरेटरही साफ झाला होता का, ते विचारा.

मग कंपनीने हा गिअर आधीच का दिला नाही? अँबेसेडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. १४८९ सीसीचं इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्ती. त्यात पाच-सहा माणसं, डिकीत ट्रंका, आणि रस्ते तेव्हाचे. अशा गाडीला क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली गिअरांची जोडी) आखूडच द्यावं लागतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे भरपूर. इंजिन मोठं असेल तर हा प्रश्नच येत नाही. महाराजा यशवंतराव होळकर द्वितीय यांची १९३५ची डुसेनबर्ग एसजे घ्या: सुपरचार्जर लावलेलं, सुमारे ६.९ लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन आणि गिअर फक्त तीन. एवढी ओढ असलेल्या इंजिनाला लांब क्राउन-पिनियन सहज झेपतं. आपल्या गाड्यांचं दुखणं छोट्या इंजिनाचं आहे. इलाज निवडताना ते विसरायचं नाही.

वही-पेन काढा

क्राउन-पिनियनचं प्रमाण काढायला डिफरेन्शिअल, म्हणजे ही जोडी ज्यात असते आणि जे दोन्ही चाकांना ताकद वाटून देतं ते, उघडायची गरज नाही. मागची दोन्ही चाकं उचला, स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. दोन जणांनी दोन्ही चाकं बरोबरीने दहा फेरे फिरवायची आणि तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. पंचेचाळीस आले तर प्रमाण ४.५. माणूस एकच असेल तर एक चाक जमिनीवर राहू द्या आणि दुसरं वीस फेरे फिरवा. डिफरेन्शिअलमुळे उत्तर तेच येतं. पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका. एवढ्या वर्षांत या गाड्यांचे एक्सल इतक्या वेळा बदलले गेलेत की तुमच्या गाडीखाली कुठल्या मॉडेलचा आहे हे खडूच सांगेल.

टायरचं मोजमापही जमिनीवरच घ्या. टायरवर खूण करून, गाडीत माणसं बसवून, ती एक पूर्ण फेरा पुढे ढकला आणि अंतर टेपने मोजा. समजा २ मीटर आलं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ८३३ फेरे. त्याला ४.५ ने गुणलं की डायरेक्ट गिअरमध्ये इंजिनाचे ३७५० फेरे. हा जो आकडा येतो, तोच ओरडण्याचा आवाज.

आता पाचवा गिअर ०.८२ चा घेतला तर ३०७५. ०.६८ चा घेतला तर २५५०. कागदावर दुसरा मोहक वाटतो आणि नेमकी इथेच माणसं फसतात. सपाट रस्त्यावर शंभरचा वेग टिकवायला लागणारी ताकद २५५० फेऱ्यांवर हे छोटं इंजिन देईल, पण ॲक्सिलरेटर जवळपास तळाला टेकवूनच. समोर वारा आला, फ्लायओव्हर लागला, ट्रक ओलांडायचा झाला की हात परत चौथ्यावर. ऐंशीच्या वेगाला तर फेरे २०४० वर उतरतात. इंजिन घुसमटतं, नॉकिंग (आतली ठकठक) सुरू होतं, आणि अशा ओढाताणीत बेअरिंगवर पडणारा ताण जास्त फेऱ्यांपेक्षा वाईट. ०.८२ ला मात्र ३०७५ वर थोडी ताकद शिल्लक राहते. तिथे इंजिन रमतं.

म्हणून अँबेसेडर किंवा फियाटसारख्या छोट्या इंजिनांसाठी माझं मत सरळ आहे: ०.८० ते ०.८५. त्याखाली जाऊ नका.

टायरबद्दल एक जोड. काही लोक दिसायला बरी म्हणून मूळच्या १५ इंची रिमच्या जागी १४ इंची रिम आणि रुंद रेडियल टायर घालतात. टायरचा व्यास ६६० मिलिमीटरवरून ६०० वर येतो आणि प्रत्येक वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. नंतर हेच लोक गिअरबॉक्स शोधत फिरतात. तुमच्या गाडीला हे झालं असेल तर आधी मूळ मापाचे टायर घाला, एक चक्कर महूपर्यंत मारा, आणि मग ठरवा.

पहिला गिअर विसरू नका

फाइव्ह स्पीड म्हणताना सगळ्यांचं लक्ष पाचव्याकडे असतं. बॉक्स बदलला की पाचही गिअर बदलतात आणि रोजच्या चालवण्यात पहिला-दुसरा जास्त जाणवतो. पहिल्या गिअरचं प्रमाण आणि क्राउन-पिनियन यांचा गुणाकार करा. अमेरिकेत मोठ्या व्ही-एट गाड्या बांधणारे हा गुणाकार दहाच्या आसपास ठेवतात; एवढी ओढ असलेल्या इंजिनाला त्याहून आखूड पहिला गिअर म्हणजे सुटता सुटता दुसरा टाकायची वेळ. आपल्या दीड लिटरच्या गाडीला दहावर भागणार नाही. सिमरोलच्या पुढे भेरू घाटात, गाडी भरलेली असताना, ट्रकच्या मागे थांबून पुन्हा सुटायचं असेल तर पंधरा-सोळा हवेतच. फोर्डचा टाइप नाइन नावाचा बॉक्स ब्रिटनमधले लोक जुन्या एमजीबीसारख्या गाड्यांना आवडीने घालतात. त्याचे आकडे ३.६५, १.९७, १.३७, १.०० आणि ०.८२. ४.५ च्या क्राउन-पिनियनशी पहिल्याचा गुणाकार १६.४. छोट्या इंजिनाला कसे आकडे हवेत याचा हा चांगला नमुना. तो बॉक्स इथे मिळो न मिळो, जो मिळेल त्याचे आकडे याच्या शेजारी लिहून पाहा. टाइप नाइनमध्येही पहिल्या-दुसऱ्यामधली दरी मोठी आहे, ही त्याची जुनी तक्रार.

चौथ्या-पाचव्यातलं अंतरही असंच बघायचं. ३००० फेऱ्यांवर चौथ्यातून पाचवा टाकला तर ०.८२ मध्ये इंजिन २४६० वर येतं, ०.६८ मध्ये २०४० वर. मोठ्या इंजिनाला दोन्ही चालतं.

हेच आकडे अमेरिकन गाडीवर लावले की चित्र उलटतं. समजा कुणाकडे साठच्या दशकातली शेव्हरले इम्पाला आहे, ३२७ घनइंचाचं व्ही-एट, चाकाचा फेरा २.१५ मीटर, क्राउन-पिनियन ३.७०. शंभरला डायरेक्टमध्ये २८७० च्या आसपास फेरे. ०.६८ लावलं की १९५०. त्या इंजिनाला १९५० वर शंभरचा वेग म्हणजे झोपेत चालणं. अशा गाडीला ०.८२ घातला तर खर्चाच्या मानाने फरक कमी वाटेल.

अमेरिकन गाड्यांसाठी जी नावं कानावर येतात ती थोडक्यात सांगतो. टी-फाइव्ह हा बोर्ग-वॉर्नरने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आणलेला, हलका, मस्टँगसारख्या गाड्यांत भरपूर वापरलेला बॉक्स. पुढे तो ट्रेमेक कंपनीकडे गेला. त्याच्या दोन पिढ्या आहेत. नंतरचा 'वर्ल्ड क्लास' टी-फाइव्ह बेअरिंग आणि सिंक्रो रिंगांच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) बाबतीत चांगला. जुना नको. ताकदीला मर्यादा आहे. मध्यम व्ही-एटला ठीक, फुगवलेल्या इंजिनाला नाही. त्याहून दणकट हवा तर ट्रेमेकचाच टीकेएक्स: ६०० पौंड-फूट ओढ सोसणारा आणि जुन्या गाड्यांच्या फ्लोअरमधल्या अरुंद बोगद्यात मावावा म्हणून वरून निमुळता केलेला. टी-५६ मॅग्नम सहा गिअरचा. त्याच्या एका प्रकारात सहावा ०.५० आहे, म्हणजे वरच्या इम्पालात शंभरला जेमतेम १४३० फेरे. आपल्या रस्त्यांवर हा गिअर पडायची संधी कधी येणार? पिथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तिथे येईल कदाचित. इंदूर-धुळे रस्त्यावर नाही.

इथे काय मिळतं

अँबेसेडरवाल्याला सगळ्यात जवळचा नातेवाईक घरातच आहे. हिंदुस्तान मोटर्सने नव्वदच्या दशकात अँबेसेडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा फ्लोर-शिफ्ट बॉक्स दिला, आणि काँटेसा क्लासिकमध्येही तेच इंजिन पाच गिअरसह आलं. जुन्या बॉडीत इसुझूचं इंजिन आणि बॉक्स ही जोडी एकत्र घालणारे पुष्कळ आहेत, कारण मग जोडकाम कमी. पण मग ते इंजिन बदलणं झालं, आणि त्याची कागदपत्रं वेगळी. जुन्या इंजिनाला फक्त तो बॉक्स लावायचा तर मध्ये ॲडॅप्टर प्लेट, वेगळी क्लच प्लेट, वेगळा पायलट बुश (क्रँकशाफ्टच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारा) हे सगळं आलंच.

याखेरीज क्वालिस, टवेरा, बोलेरो अशा गाड्यांचे बॉक्स भंगारात दिसतात. त्यांचं इंजिन पुढे-मागे असं लांबीत बसवलेलं असतं आणि ओढ मागच्या चाकांना जाते, म्हणून त्यांचा विचार तरी करता येतो. मारुती ८००, सँट्रो वगैरे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॉक्समध्ये डिफरेन्शिअलही त्यातच असतं. फाइव्ह स्पीड आहे आणि स्वस्त आहे म्हणून तो उचलून आणू नका. डिझेल गाडीचा बॉक्स घेताना गिअर बारकाईने मोजा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत काम करतं, त्यामुळे त्याच्यासाठी योग्य ठरवलेली प्रमाणं पेट्रोल इंजिनाला सोयीची असतीलच असं नाही.

दुकानदार सांगेल ते प्रमाण लिहून घ्या आणि तिथेच तपासा. बॉक्स पाचव्यात टाका, इनपुट शाफ्ट हाताने दहा फेरे फिरवा, मागचे फेरे मोजा. १२.२ आले तर ०.८२. पंधराच्या जवळ आले तर ०.६८. प्रत्येक गिअरला हेच करा. फिरवताना खरखर लागते का, पाचव्यात शाफ्ट पुढे-मागे हलतो का, तेही कळतं. दहा मिनिटांचं काम आहे. ते करू देत नसेल तर ते दुकान सोडा.

बॉक्स न बदलता

गिअरबॉक्स तसाच ठेवून त्याच्या मागे वेगळं ओव्हरड्राइव्ह युनिट लावायची जुनी रीत आहे. ब्रिटिश गाड्यांत लेकॉक द नॉर्मनव्हिल हे नाव प्रसिद्ध. ट्रायम्फ, एमजीबी, व्होल्वो यांच्यात ते आलं. आत ग्रहमालेसारखी गिअरांची रचना, डॅशबोर्डवर एक स्विच, स्विच दाबला की तेलाच्या दाबाने शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो. क्लच पेडल न दाबता गिअर बदलतो, ही त्यातली मजा. पण हे युनिट चालू असताना रिव्हर्स पडला तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच तुटतो. म्हणून रिव्हर्समध्ये वीजच पोचणार नाही असा एक अडवणारा स्विच मूळ गाडीत असतो. जुनं युनिट आणून बसवणारे तो स्विच सोडून देतात. तो सोडायचा नाही. अमेरिकेत गिअर व्हेंडर्सचं युनिट याच जातीचं, ०.७८ चं, मोठ्या इंजिनांसाठी.

चाळीस-पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांत तीन गिअरच्या मागे बोर्ग-वॉर्नरचा ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असायचा. त्याची सवय वेगळी. हँडल आत ढकललेलं असताना, साधारण ताशी ४५ किलोमीटरच्या खाली, गाडी फ्रीव्हीलवर चालते, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन गाडीला धरत नाही. मानपूरच्या पुढे गणपती घाट उतरताना ही स्थिती जिवावर बेतू शकते. ड्रम ब्रेकची जुनी गाडी इंजिनाच्या आधारानेच उतरवायची असते. असं युनिट असलेली गाडी घेतली असेल तर घाटाच्या आधी हँडल बाहेर ओढून लॉक करा.

आणि सगळ्यात स्वस्त मार्ग: क्राउन-पिनियन लांब करणं. ४.५ च्या जागी ३.९ घातलं तर शंभरला ३७५० चे ३२५० होतात. बोगदा कापायचा नाही, क्लच हलवायचा नाही. किंमत मोजावी लागते ती पहिल्या गिअरमध्ये. तोही तेवढाच लांब होतो. गाडी दोन माणसांची, बहुतेक सपाट रस्त्याची, महिन्यातून एकदा देवासपर्यंत जाणारी असेल तर मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. भरल्या गाडीने ओंकारेश्वरला जाणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये.

बसवताना

इथे पैसा वाचवला की पुढे दुप्पट जातो. बॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या बेल हाउसिंगचं भोक क्रँकशाफ्टच्या अगदी मध्यावर हवं. ट्रेमेकची मर्यादा ०.००५ इंच आहे, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे आठवा भाग, आणि ती फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून बघायची असते. ॲडॅप्टर प्लेट घरच्या घरी बनवलेली असेल तर हे मोजल्याशिवाय पुढे जाऊच नये. मध्य चुकला की गिअर अडकत पडतात, पायलट बुश खाल्ला जातो, पुढचं बेअरिंग गुणगुणायला लागतं, आणि दोष बॉक्सला दिला जातो. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत प्लेट बनवून मिळेल. बनवणाऱ्याकडे डायल गेज आहे का, एवढं आधी विचारा.

प्लेट मध्ये आली की तिच्या जाडीएवढा बॉक्स मागे सरकतो. मग इनपुट शाफ्टचं टोक पायलट बुशपर्यंत पोचतं का? क्लच प्लेटचे स्प्लाइन इनपुटशी जुळतात का? रिलीज बेअरिंग योग्य अंतरावर दाबतं का? तिन्ही उत्तरं इंजिन खाली उतरवलेलं असतानाच हवीत.

प्रोपेलर शाफ्ट बहुधा आखूड करावा लागतो. कापून जोडल्यावर तो मशिनवर बॅलन्स करून घ्या; कमी वेगाला कळत नाही, नव्वदला सीट थरथरते. बॉक्सचं फाउंडेशन, म्हणजे तो ज्यावर टेकतो तो आधार, असं बनवा की बॉक्सचा आणि मागच्या पिनियनचा शाफ्ट एकमेकांना समांतर राहतील आणि क्रॉसवरचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावरचा, कोन एक ते तीन अंशांच्या आत बसेल.

हँड गिअरच्या, म्हणजे स्टिअरिंगजवळ लिव्हर असलेल्या गाडीत फ्लोर गिअर आला की आणखी एक नुकसान होतं, त्याचा विचार कुणी आधी करत नाही. पुढच्या सलग सीटवर मधे बसायची जागा जाते. नातवंडाला मधे बसवून सराफ्यात नेणाऱ्या आजोबांना हा सौदा आवडेलच असं नाही. घरात आधी विचारा.

कायद्याचं बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरबदल करण्यावर मर्यादा घालतं, आणि इंजिन बदललं तर आरटीओकडे नोंद लागतेच. व्हिंटेज नोंदणीचा, म्हणजे 'व्हीए' मालिकेच्या नंबराचा विचार असेल तर अधिक जपून. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनातला फेरबदल त्यात अडथळा ठरतो. गिअरबॉक्सचं नाव तिथे नाही, पण बॉक्स मावावा म्हणून फ्लोअरचा बोगदा कापला की प्रश्न बॉडी शेलपर्यंत जातो. म्हणून न कापता मावेल असा बॉक्स शोधा, फाउंडेशन बोल्टवर बसवा, आणि मूळ बॉक्स, शाफ्ट, गिअर लिव्हर सगळं तेल लावून, नाव लिहून माळ्यावर ठेवा. भंगारात घालू नका, कुणी कितीही किंमत देवो.

स्पीडोमीटरची केबल बॉक्सच्या मागच्या टोकाकडून निघते, त्यामुळे पाचवा गिअर आला म्हणून काटा चुकत नाही. नव्या बॉक्समधल्या छोट्या गिअरचे दात वेगळे असले तर चुकतो. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा आणि त्या हिशेबाने गिअर बदला.

तेल बॉक्सच्या जातीचं घाला, दुकानात हाताला लागेल ते नको. वर्ल्ड क्लास टी-फाइव्हमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्सचं पातळ तेल जातं. दाट गिअर ऑइल घातलं तर त्याच्या सिंक्रो रिंग नीट पकडत नाहीत. पितळी सिंक्रो रिंगांच्या बॉक्सला बहुतेक वेळा जीएल-४ प्रतीचं तेल योग्य. डिफरेन्शिअलचं जीएल-५ त्यात ओतू नका. भंगारातून आणलेल्या बॉक्सचं पहिलं तेल पाचशे-हजार किलोमीटरनंतर स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि ड्रेन प्लगला चुंबक फिरवा. राखेसारखी करडी पेस्ट आली तर ठीक आहे. पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंग झिजतायत, लवकरच खर्च आहे. नखाएवढा लोखंडी तुकडा सापडला तर गाडी तिथेच उभी करा आणि बॉक्स खाली उतरवा.